संगतीची गिटार

पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्रात मी १९८३ पासून बारा वर्षे रिदम गिटार वाजवली. दिवसा नोकरी, संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर तालीम आणि गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत एकाच रात्री आधी हडपसर, मग चिंचवड अशा दोन-दोन सुपाऱ्या, असा तो क्रम होता. मध्यंतरानंतर निवेदक वादकांची ओळख करून देत असे. ढोलकीवाल्याला हमखास टाळ्या मिळत, लीड गिटारवाल्याला त्याच्या लांब केसांमुळे शिट्ट्या मिळत आणि माझी पाळी आली की ‘आणि त्यांना साथ करीत आहेत...’ एवढे म्हणून निवेदक पुढच्या गाण्याकडे वळे, कारण तोपर्यंत गायिका मंचावर आलेली असे. साउंडवाल्याचेही माझ्याशी वैर नव्हते, पण आवाज घुमू लागला की मिक्सरवरची जी पट्टी तो सर्वांत आधी खाली ओढी, ती माझी असे. शेवटच्या वर्षी एका मंडळाने इतरांचे पैसे चुकते केले आणि माझे ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून ठेवले. तो आठवडा अजून उजाडायचा आहे.

ही रड सांगण्याचे कारण एवढेच की, काँगोच्या सिमारो लुटुंबा या गिटारवादकाचे नाव पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा माझे कान कोणत्या तक्रारीने भरलेले होते, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे.

१९९२ च्या पावसाळ्यात आमच्या कर्वेनगरच्या घरातली वरची खोली टांझानियाहून शिकायला आलेल्या एका मुलाने भाड्याने घेतली. मला तो अंकल म्हणे आणि आईला मात्र, कोणी न शिकवता, आजी. त्याच्याकडे एक टेपरेकॉर्डर आणि बारा-पंधरा कॅसेटी होत्या. त्यांतल्या निम्म्यांच्या स्पंजाची गादी निघालेली असल्यामुळे आवाज मध्येच पाण्याखाली गेल्यासारखा येई. त्या संगीताला तो नुसते ‘लिंगाला’ म्हणत असे. लिंगाला हे खरे तर काँगो नदीच्या काठावरच्या व्यवहारभाषेचे नाव. पण ती भाषा न समजणाऱ्या साऱ्या पूर्व आफ्रिकेत ते त्या भाषेतल्या गाण्यांचेच नाव होऊन बसले होते. त्याच्या वडिलांच्या पिढीची गाणी ज्या कॅसेटीत होती, तिच्यावर त्याने स्वाहिलीत ‘झिलिपेंड्वा’ असे लिहिले होते. त्याचा अर्थ, एके काळी ज्यांच्यावर जीव जडला होता ती. आपल्याकडच्या ‘जुनी अवीट गाणी’ या पाटीपेक्षा हा एकच शब्द मला अधिक नेमका वाटतो.

एका रविवारी मी खाली गिटार घेऊन बसलो असताना तो जिना उतरून आला, थोडा वेळ माझ्या उजव्या हाताकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, “अंकल, तुम्ही जे वाजवता ते वाजवणारा एक माणूस या कॅसेटमध्ये आहे. आमच्याकडे त्याला कवी म्हणतात.” रिदम गिटार वाजवणाऱ्याला कवी म्हणतात, हे ऐकून मी चहा गार होऊ दिला.

ते गाणे ‘माबेले’ होते. माबेले म्हणजे माती, भूमी. बँड टीपीओके जाझ, गायक सॅम मांग्वाना, साल १९७४ आणि गीत व चाल दोन्ही सिमारोची. हा सगळा तपशील मला पुढे कळला. त्या दिवशी कळले ते इतकेच की, एक उंच, किंचित नाकातला, अत्यंत सावध आवाज कुणाला तरी काही समजावून सांगतो आहे आणि त्याच्या खाली एक गिटार न थांबता, न उसळता चालत आहे. ती चालण्याची पद्धत माझ्या ओळखीची नव्हती.

आमच्या ऑर्केस्ट्रात रिदम गिटार म्हणजे पिकने सगळ्या तारांवर एकदम मारलेला फटका आणि लगेच तळव्याने दाबलेला आवाज, म्हणजे एक प्रकारे तारांवर वाजवलेला खंजिरीचा ठेका. काँगोच्या रुंब्यात, म्हणजे तिथल्या या नाचाच्या संगीतात, ही गिटार कॉर्डचे स्वर एकत्र वाजवतच नाही. ती त्यांचे मणी सुटे करते आणि एकामागून एक ओवते. कॉर्ड बहुतेक वेळा तीनच, षड्जाची, मध्यमाची आणि पंचमाची, त्याही पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने. त्यामुळे कागदावर लिहिले तर हे संगीत पहिल्या महिन्यात शिकवण्यासारखे दिसते. अवघड भाग कागदावर उतरत नाही. बँडमध्ये कमीत कमी तीन गिटारी असतात. एक सोलो, एक साथीची आणि या दोघींच्या मधल्या उंचीवर एक लहानसा तुकडा फिरवत राहणारी, जिला ते ‘मी-सोलो’ म्हणतात. साथीची गिटार जिथे श्वास घेते, तिथे मी-सोलोचा स्वर पडतो. मी-सोलो जिथे गप्प होते, तिथे सोलोची लड सुरू होते. आणि तिघींच्या फटींतून ऐकणाऱ्याला एक चौथीच सुरावट ऐकू येते, जी प्रत्यक्षात कोणीच वाजवत नसते. यांतली एखादी गिटार जरा आगाऊपणा करून दुसरीच्या फटीत घुसली की ती सुरावट नाहीशी होते.

त्या मुलाच्या टेपरेकॉर्डरला तीन आकडी काउंटर होता. २१४ वर थांबायचे, वीस सेकंद ऐकायचे, मागे न्यायचे, पुन्हा ऐकायचे, असे मी तीन आठवडे केले. आधी पिक बाजूला ठेवले. मग खालच्या स्वरांसाठी अंगठा आणि वरच्या तारांसाठी तर्जनी अशी विभागणी करून पाहिली. दोन्ही बोटे आपापले काम करू लागली, तरी ते ‘तसे’ होईना. शेवटी लक्षात आले की, मी प्रत्येक आवर्तनाच्या आरंभी नकळत वजन देत होतो. तबला ऐकत वाढलेल्या माणसाला समेवर आल्याची पावती दिल्याशिवाय राहवत नाही. या साथीला सम दाखवायचीच नसते. आवर्तन कुठे सुरू झाले हे ऐकणाऱ्याच्या पायांना कळते, गिटारने ते सांगायचे नसते. ही एक खोड सुटायला मला तीन आठवडे नव्हे, जवळजवळ तीन वर्षे लागली आणि खरे सांगायचे तर दमलो की ती अजून परत येते.

किन्शासात या वाद्याला रिदम गिटार म्हणत नाहीत. तिथल्या फ्रेंचमध्ये तिला ‘अकोंपान्युमाँ’ म्हणतात. सरळ मराठीत, साथ. ज्या शब्दाने निवेदक मला गुंडाळून ठेवी, तोच शब्द.

सिमारोचा जन्म १९ मार्च १९३८ चा. तेव्हा देश बेल्जियमच्या ताब्यात होता आणि किन्शासाचे नाव लिओपोल्डव्हिल होते. त्या शहरात क्यूबाच्या तबकड्या १९३० च्या दशकापासून येऊ लागल्या होत्या. एचएमव्हीच्या ‘जीव्ही’ क्रमांकाच्या त्या मालिकेतले ताल लोकांना परके वाटलेच नाहीत, कारण काही शतकांपूर्वी याच भागातून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी ते क्यूबात पोचवले होते. ही परत आलेली ठेव लोकांनी गिटारवर घेतली. ग्रीक व्यापाऱ्यांनी दुकानांच्या जोडीला ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ काढले, त्यांत न्गोमा आणि लोनिंगिसा हे दोन मोठे. १९४८ साली वेंडो कोलोसोय या गायकाचे ‘मारी-लुईज’ निघाले आणि त्यावर आँरी बोवान याने गिटार वाजवली. शब्द संपल्यानंतर गिटारी मोकळ्या सुटतात त्या भागाला ‘सेबेन’ म्हणतात आणि त्याचे श्रेय पुष्कळ जण या बोवानला देतात. सेबेन म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगणे सोपे आहे. आषाढीच्या वारीत पालखी पुण्यातून जाते तेव्हा अभंगाचे शब्द मागे पडतात, नुसता गजर उरतो, टाळ एकमेकांत गुंततात आणि लय कोणी न सांगता वर चढते. फरक एवढाच की, तिथे टाळांच्या जागी गिटारी असतात आणि पावले पंढरीकडे न जाता बारच्या अंगणातच फिरतात.

याच बोवानने १९५३ मध्ये पंधरा वर्षांच्या एका पोराला लोनिंगिसा स्टुडिओत आणले. वडील वारलेले, आई बाजारात तळलेले गोड वडे विकणारी, आणि गिटार आधी घरीच जोडून केलेली. त्या फ्राँस्वा लुआंबो माकियादीला बोवानने फ्राँको हे नाव दिले. ६ जून १९५६ रोजी ओ. के. बारमध्ये फ्राँको आणि त्याच्या सोबत्यांचा बँड उभा राहिला आणि बारच्याच नावावरून त्याचे नाव ओके जाझ पडले. पुढे नावाच्या आरंभी ‘तू प्विसाँ’, म्हणजे सर्वशक्तिमान, हे बिरुद लागून टीपीओके जाझ झाले. बिरुद थोडे अधिकच आहे, पण ज्या बँडमध्ये एका वेळी तीस-तीस माणसे पगारावर होती आणि ज्याने सलग तीन दशके आफ्रिका नाचवली, त्याला ते शोभून गेले.

सिमारो या बँडमध्ये आला तो १९६१ साली. त्याआधी तो जेरार माडियाटा या गायकाच्या काँगो जाझमध्ये वाजवत होता. देश ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला होता आणि वर्षभरात त्याची दैना सुरू झाली होती. अशा धामधुमीत तेविसाव्या वर्षी तो फ्राँकोच्या शेजारी साथीची गिटार घेऊन उभा राहिला, आणि फ्राँकोच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, त्याची ती जागा टिकली. फ्राँको ६ जुलै १९३८ चा, म्हणजे सिमारो त्याच्याहून साडेतीन महिन्यांनी मोठा. हा हिशेब मी का केला ते सांगायला नको. वयाने मोठा असून मागे उभा राहिलेला माणूस मला हवाच होता.

फ्राँकोचे वादन अंगावर येते. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दोन तारा धरून तो स्वरांच्या जोड्या ओढतो. त्यात घासणी असते, हट्ट असतो, तोच तुकडा पन्नास वेळा वाजवून समोरच्याला शरण आणण्याची ताकद असते. त्याच काळात डॉक्टर निको हा दुसरा महान वादक अतिशय नितळ, गळ्यातून काढावी तशी गिटार वाजवत होता, आणि किन्शासात फ्राँकोवाले आणि निकोवाले असे तट होते. मी निकोची बाजू घेतली असती. मात्र फ्राँकोच्या हट्टाला जमीन लागते. तो सुटला असताना खालची विण ढळली तर सगळा खेळ आरडाओरडा होईल, ही जोखीम सिमारोने रात्रीमागून रात्र सांभाळली. बासवर म्पुदी डेका, साथीला सिमारो आणि वर कोणीही, असे ते घर होते. सोलोवाले आले आणि गेले, गायक भांडून गेले आणि परतले, सॅक्सोफोनवाला व्हर्किस १९६९ मध्ये स्वतःचा संसार थाटायला बाहेर पडला, सिमारो राहिला.

त्याची गाणी यायला लागली आणि इथे माझ्या आवडीचा खरा भाग सुरू होतो. फ्राँकोची गाणी बाजारातल्या भांडणासारखी आहेत. नवरा-बायको, सवती, उसनवारी, फुकटखाऊ तरुण, नावे घेऊन टोमणे. त्याच्या ‘मारियो’ या १९८५ च्या गाण्यात वयस्क बाईच्या पैशांवर जगणाऱ्या तरुणाची जी खरडपट्टी निघते, ती ऐकताना पेठेतल्या सामाईक नळाची आठवण होते. सिमारो असे भांडत नाही. त्याच्या गाण्यात माणूस एकटा बसून विचार करतो आणि तो विचार दुसऱ्याच्या तोंडून वदवतो. तो स्वतः मुख्य गायक म्हणून कधी पुढे आला नाही. त्याने आवाज निवडले. सॅम मांग्वाना १९७२ च्या सुमारास बँडमध्ये आला तेव्हा सिमारोला त्याचा पहिला मोठा आवाज मिळाला, आणि ‘एबाले या झाईर’, ‘सेडू’ आणि ‘माबेले’ ही गाणी थोड्या अवधीत एकामागून एक आली. एबाले म्हणजे नदी. देशाचे नाव १९७१ मध्ये झाईर झाले होते आणि नदीचेही. म्हणून झाईर नदीचे ते गाणे.

त्या काळी लांब गाणे ४५ आरपीएमच्या लहान तबकडीवर दोन बाजूंना वाटून येई. पहिल्या बाजूवर शब्द, दुसऱ्या बाजूवर बहुधा सेबेन. बारमध्ये लोक दुसरीच बाजू लावत असतील, हे उघड आहे. पण सिमारोच्या गाण्यांत पहिल्या बाजूवर नाचता नाचता लोक थांबतात, हे त्या टांझानियन मुलाने मला त्याच्या वडिलांच्या हवाल्याने सांगितले होते आणि ते मला ‘माबेले’ ऐकताना पटते. मृत्यूनंतर सगळ्यांना त्याच मातीत जायचे आहे ही गोष्ट आपल्याकडे कीर्तनात सांगितली जाते, भजनात सांगितली जाते. नाचाच्या गाण्यात, तेही शनिवारी रात्री बिअरच्या बाटल्यांमध्ये, ती सांगायला वेगळे धैर्य लागते. तेच १९७४ साल किन्शासात सप्टेंबरमध्ये झालेल्या तीन दिवसांच्या महोत्सवाचे. अली-फोरमन मुष्टियुद्धाच्या निमित्ताने जेम्स ब्राऊन, बी. बी. किंग, मिरियम मकेबा, सेलिया क्रूझ अशी मंडळी आली होती, आणि टीपीओके जाझही त्या मंचावर वाजला. जगाने त्या महोत्सवाची आठवण ठेवली. माझ्या हिशेबी त्या वर्षीची मोठी घटना म्हणजे एका साथीदाराने लिहिलेले हे गाणे.

येथवर वाचणाऱ्याच्या लक्षात आले असेल की, मी सिमारोला आपला कुलस्वामी करून टाकले होते. दुर्लक्षितांचा, मागच्या रांगेतल्यांचा, निवेदकाने नाव न घेतलेल्यांचा. पुढची पंधरा वर्षे मी ही गोष्ट मित्रांना अशीच सांगत असे, आणि शेवटी स्वतःचे ते पैसे न मिळाल्याचे पुराणही जोडत असे. मग घरी इंटरनेट आले, जुनी चलचित्रे आणि मुलाखती पाहायला मिळू लागल्या आणि माझी गोष्ट कोसळली. सिमारो दुर्लक्षित मुळीच नव्हता. ‘ल पोएत’, कवी, ही त्याची पदवी साऱ्या किन्शासाच्या तोंडी होती. तो बँडचा उपाध्यक्ष होता. १९८० च्या दशकात फ्राँकोचा मुक्काम बराच काळ ब्रुसेल्सला असे आणि बँडचे दोन भाग पडले होते, तेव्हा किन्शासातला भाग सिमारोच चालवत होता. तालमी, पगार, रुसवेफुगवे, कोणाला पुढे आणायचे आणि कोणाला थांबवायचे, हे सगळे त्याच्याकडे होते. म्हणजे ज्याला मी मागच्या रांगेतला समजत होतो, तो निम्म्या घराचा कर्ता होता.

मला ते पचायला जड गेले, कारण त्यातून एक गैरसोयीचा प्रश्न निघत होता. त्याला लोक ओळखत होते ते निवेदकाने नाव घेतले म्हणून नव्हे, तर त्याने गाणी लिहिली म्हणून. मी बारा वर्षांत एकही चाल बांधली नव्हती. बांधली असती तर ती वाजवायला कोणी नाही म्हणाले नसते. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक मोठ्या मनाचे होते आणि तालमीनंतरचा अर्धा तास रिकामाच असे. तो आम्ही वाड्याखालच्या अमृततुल्यात घालवला.

१९८४ मध्ये सिमारोने स्वतःच्या नावावर ‘माया’ काढले, कार्लितो या तरुण गायकाच्या आवाजात, आणि ते प्रचंड चालले. १९८६ मध्ये ‘तेस्तामाँ या बोवुले’ आले, गायक मालाज दे लुगेंडो. तेस्तामाँ म्हणजे मृत्युपत्र. पुन्हा मरण, पुन्हा नाचाची लय, पुन्हा दुसऱ्याचा आवाज. मला ‘माया’पेक्षा हे अधिक आवडते. ‘माया’मध्ये गोडवा थोडा सांडतो, ‘तेस्तामाँ’मध्ये तो मोजून ठेवलेला आहे.

त्याच वर्षांत पॅरिसमध्ये दुसरेच वारे वाहत होते. काँगोचे वादक तिथे जाऊन स्थिरावले होते. शब्द आटोपशीर करून गाणे लवकरात लवकर सेबेनला न्यायचे, लय वाढवायची, शिंगवाद्ये कमी करायची, असा जो प्रकार जगभर सुकूस म्हणून गाजला, तो तिथला. कांडा बोंगो मॅनच्या गाण्यांत डिब्लो डिबाला जी गिटार वाजवतो ती ऐकून माझी बोटे आजही हार मानतात, आणि ‘कात्र एत्वाल’ या चौकडीत सिरान म्बेंझा आणि बोपोल यांची जोडगोळी ऐकणे हा निखळ आनंद आहे. तरीही दोन तास सलग सुकूस ऐकले की मला सतत मिष्टान्न खाल्ल्यासारखे होते. सेबेनची गोडी त्याच्या आधी सोसलेल्या विलंबात असते. सिमारो पॅरिसच्या या शर्यतीत उतरला नाही. तो किन्शासात राहिला आणि लांब गाणी लिहीत राहिला. व्यवहाराच्या दृष्टीने हे शहाणपण होते की नाही, हा वेगळा प्रश्न. झाईरची अर्थव्यवस्था तेव्हा रसातळाला चालली होती.

तेव्हाचा हुकूमशहा मोबुटू याच्या राजवटीशी या सगळ्यांचे नाते फारसे स्वच्छ नव्हते, हेही लिहायला हवे. फ्राँकोने १९८४ मध्ये मोबुटूच्या निवडणुकीसाठी, ज्या निवडणुकीत दुसरा उमेदवारच नव्हता, एक अख्खे प्रचारगीत केले. त्याच फ्राँकोला त्याच राजवटीने १९७८ मध्ये अश्लील गाण्यांसाठी तुरुंगात टाकले होते आणि १९८० मध्ये ‘ग्राँ मेत्र’, महागुरू, अशी पदवीही दिली होती. दरबारी कलावंताचे हे तिन्ही अनुभव आपल्या इतिहासाला नवे नाहीत. इतके खरे की, प्रचारगीते आज कोणी ऐकत नाही.

फ्राँको १२ ऑक्टोबर १९८९ रोजी बेल्जियममध्ये वारला, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी. देशात चार दिवसांचा दुखवटा पाळला गेला. बँडची धुरा सिमारोकडे आली आणि त्याने ती चार वर्षे ओढली. आमच्या माडीवर ‘माबेले’ वाजत होते, त्या १९९२ च्या पावसाळ्यात तिकडे तोच माणूस हे तुटत चाललेले घर सांभाळत होता, याची आम्हां दोघांनाही कल्पना नव्हती. फ्राँकोचे कुटुंब आणि वादक यांचे पैशांवरून बिनसले आणि १९९३ च्या अखेरीस टीपीओके जाझ संपला. मालक गेल्यावर नावाचा, वाद्यांचा आणि जुन्या गाण्यांच्या उत्पन्नाचा वारस कोण, हा तंटा आपल्याकडच्या नाटक कंपन्यांनीही पुष्कळ पाहिला आहे.

सिमारो तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. त्या वयात माणूस फंडाचे हिशेब करू लागतो. त्याने जोस्की कियांबुकुटा, न्डोंबे ओपेटुम अशा जुन्या गायकांना बरोबर घेतले आणि १९९४ मध्ये ‘बाना ओके’ उभा केला. बाना म्हणजे लेकरे, ओकेची लेकरे. त्यानंतर युद्धे आली, राजवट गेली, देशाचे नाव पुन्हा काँगो झाले, तरुणांचे संगीत वेगवान आणि गोंगाटी झाले, पैसे देणाऱ्याचे नाव गाण्यात ओरडून घेण्याची चाल पडली. हा म्हातारा आपली संथ साथ वाजवत राहिला. ज्यांच्यासाठी गाणी लिहिली ते एकेक करून गेले. मादिलू सिस्टेम २००७ मध्ये, न्डोंबे २०१२ मध्ये. सिमारो ३० मार्च २०१९ रोजी पॅरिसमध्ये वारला. एक्क्याऐंशी पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने काँगोच्या रुंब्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा बातमीबरोबर छापलेले छायाचित्र अर्थातच फ्राँकोचे होते. मला त्याचे वाईट वाटले नाही, यावरून माझ्यात थोडा फरक पडला असावा.

तो टांझानियन मुलगा १९९५ मध्ये परत गेला. जाताना ‘झिलिपेंड्वा’ची कॅसेट त्याने आईच्या हातात दिली, माझ्या नाही, कारण पोहे तिने खाऊ घातले होते. आईने ती देवघराच्या फडताळात ठेवली आणि पुढे कित्येक वर्षे ती मागायची झाली तर मला आंघोळ करून जावे लागे. आता तिची फीत वाळून चिकटली आहे, गाणी मोबाइलवर स्वच्छ मिळतात आणि त्यांत पाण्याखालचा आवाज येत नाही, याची थोडी हुरहुर वाटते.

निवृत्तीनंतर मी एक चाल बांधायला घेतली आहे. षड्ज, मध्यम, पंचम, पुन्हा मध्यम. अंगठा आणि तर्जनी. सम न दाखवता. फोनवर ती साथ रेकॉर्ड करून मी तिच्यावर मी-सोलोचा तुकडा बसवून पाहतो, मग तो पुसून पुन्हा नुसती साथ ऐकतो, कारण फट नेमकी कुठे सोडायची ते अजून ठरत नाही. परवा संध्याकाळी असाच पाऊण तास गेला. स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, भाजी फोडणीला पडली, आणि मग पदराला हात पुसत सौभाग्यवती दारात येऊन उभी राहिली. तिने दोन आवर्तने लक्षपूर्वक ऐकली.

“अहो,” ती म्हणाली, “हे छान आहे. पण गाणं कधी सुरू होणार?”